आज्ञावली : बंद आणि मुक्त

पूर्वी आपल्या गावोगावी जे वैद्य असत त्यांचे दोन प्रकार सांगता येतील. एक वैद्य रोग्याला औषधाची पुडी देई. आणि त्या औषधाचा पाठ, म्हणजे त्यात कोणती मुळी किती मासे, कोणते भस्म किती गुंजा, कोणत्या रसात किती वेळ खलावयाचे, हे सारे जो शिकू इच्छी त्याला सांगे. दुसरा वैद्य केवळ पुडी देई. पाठ त्याच्या उराशी. गुण दोघांच्याही औषधाला येत असे, आणि कित्येकदा दुसऱ्याच्या औषधाला अधिकही येत असे. परंतु दुसरा वैद्य निवर्तला म्हणजे त्याच्यासवे त्याचे औषधही निवर्तत असे, आणि रोगी पुन्हा होता तेथेच येई. संगणकाच्या आज्ञावलींविषयी जो वाद जगात गेली पन्नास वर्षे चालू आहे, तो मुळात या पुडीचा आणि पाठाचाच वाद होय. त्याची ओळख तुम्हांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आज्ञावली म्हणजे काय ते पाहू. संगणकाचा पडदा, कळफलक आणि पेटी ही डोळ्यांना दिसतात. परंतु त्यांच्याकडून काम करून घेणारी आज्ञांची जी मालिका पेटीच्या पोटात असते ती दिसत नाही. तिलाच आज्ञावली, किंवा रूढ शब्दांत सॉफ्टवेअर, असे म्हणतात. मनुष्य आज्ञावली लिहितो तेव्हा ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. हिला मूळ संहिता अथवा सोर्स कोड असे नाव आहे. पुढे तिचे रूपांतर एक आणि शून्य यांच्या दीर्घ रांगांत होते. ती रांग यंत्राला कळते. माणसाला तिचा अर्थ लावणे अत्यंत दुष्कर असते. आता, जो निर्माता आपल्याला केवळ ही रांग देतो आणि मूळ संहिता स्वतःपाशी ठेवतो, त्याची आज्ञावली बंद. तो आपणांस वस्तू विकत नाही, तर काही अटींवर ती वापरण्याची अनुज्ञा विकतो; आणि त्या अटींचे लांबलचक परवानापत्र आपण सहसा न वाचताच ‘मान्य’ या शब्दावर बोट टेकवतो. जो निर्माता मूळ संहिता उघडी करतो आणि ती वाचण्याची, बदलण्याची व इतरांना देण्याची लेखी मुभाही देतो, त्याची आज्ञावली मुक्त.

या मुभेची चार अंगे मानली आहेत. आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालविण्याची मोकळीक हे पहिले अंग. तिची रचना अभ्यासून तीत आपल्या गरजेप्रमाणे फेरफार करण्याची मोकळीक हे दुसरे. तिच्या प्रती शेजाऱ्यापाजाऱ्यांस देण्याची मोकळीक हे तिसरे, आणि आपण सुधारलेली आवृत्ती लोकांत प्रसृत करण्याची मोकळीक हे चौथे. यांत पैशाचा उल्लेख कोठेही नाही, हे ध्यानात घ्यावे. मुक्त आज्ञावली विकताही येते. इंग्रजीत मोफत आणि स्वतंत्र या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे त्या भाषेच्या लोकांना हा भेद पुनःपुन्हा समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे ती अडचण नाही. मराठीत फुकट निराळे आणि मुक्त निराळे. आमच्या घरच्या कोकणीतही फुकट वेगळे आणि मेकळें वेगळे. भाषेने जो विवेक आपणांस आयता दिला आहे, तो व्यवहारात विसरू नये.

आरंभी असा वाद नव्हताच. संगणक अवाढव्य आणि मोजके होते, आणि आज्ञावली यंत्राबरोबर ओघानेच येत असे. १९५५ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीची यंत्रे वापरणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाचे मंडळ स्थापिले. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने वापरावी, सुधारावी, असा त्याचा परिपाठ होता. १९६९ साली आयबीएमने यंत्राची किंमत आणि आज्ञावलीची किंमत वेगवेगळी आकारण्याची घोषणा केली, आणि तेव्हापासून आज्ञावली हा स्वतंत्र व्यापाराचा माल झाला. पुढे घरात ठेवता येईल असा लहान संगणक निघाला. त्यासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या बिल गेट्स या वीस वर्षांच्या तरुणाने फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक जाहीर पत्र प्रसिद्ध केले. तुमच्यापैकी बहुतेक जण आमच्या श्रमाचे फळ पैसे न देता नकलून घेता; असे असेल तर चांगले काम करण्यास कोण पुढे येईल, असा त्याचा आशय होता. हा प्रश्न रास्त होता आणि आजही तो रास्त आहे.

परंतु याच नाण्याची दुसरी बाजूही लवकरच दिसून आली. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा आज्ञावलीकार होता. तेथील जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला म्हणजे सर्वांना तशी सूचना मिळावी, अशी तजवीज त्या यंत्राच्या संहितेत करून ठेविलेली होती. १९८०च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचे नवे यंत्र आले. तेही अडे, पण त्याची संहिता कोणापाशी नव्हती. दुसऱ्या एका विद्यापीठातील ज्या गृहस्थाजवळ ती होती, त्याने ती कोणास न देण्याचे वचन कंपनीला दिलेले असल्यामुळे स्टॉलमनला नकार दिला. प्रसंग क्षुल्लक खरा; परंतु दुरुस्ती करण्याची बुद्धी आहे, इच्छा आहे, यंत्र समोर आहे, आणि तरीही हात बांधलेले आहेत, ही स्थिती त्याला असह्य वाटली. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्याने ‘ग्नू’ नावाची संपूर्ण मुक्त संगणकप्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला, १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली, आणि १९८९ साली एक विलक्षण परवानापत्र प्रसिद्ध केले. जीपीएल हे त्याचे नाव. तुम्ही ही आज्ञावली घ्या, बदला, वाटा. परंतु बदललेली आवृत्ती इतरांस द्याल तेव्हा तुम्हांस मिळालेली मोकळीक त्यांसही द्या, अशी त्याची मुख्य अट आहे. ज्या कायद्याने कुलूप लावता येते, त्याच स्वामित्वहक्काच्या कायद्याने दार कायमचे उघडे ठेवण्याची ही युक्ती होती.

या प्रणालीचे बहुतेक भाग सिद्ध झाले, पण तिचा गाभा अपुरा होता. ती उणीव फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भरून काढली. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने आपल्या उपक्रमाची वार्ता इतरांना कळविली, आणि १९९२ साली आपला ‘लिनक्स’ हा गाभा जीपीएल परवान्याखाली आणला. मग देशोदेशींच्या सहस्रावधी लोकांनी, एकमेकांचे तोंडही न पाहता, त्यात भर घातली. आज अँड्रॉइड भ्रमणध्वनीच्या अंतरंगात लिनक्स आहे. आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीतील एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो. म्हणजे, ‘आम्ही लिनक्स कधी पाहिले नाही’ असे म्हणणाऱ्याच्या खिशातही ते बहुधा असतेच.

१९९८ साली या चळवळीतील काही मंडळींनी ‘ओपन सोर्स’, म्हणजे मुक्त स्रोत, हे नाव पुढे आणले. स्टॉलमनला ते मानवले नाही. त्याच्या मते हा नीतीचा प्रश्न आहे. नव्या मंडळींचा भर उपयुक्ततेवर होता, म्हणजे अनेकांनी पाहिलेली संहिता अधिक चांगली होते या गोष्टीवर. दोघांच्या आज्ञावली बहुतांशी त्याच. भेद तो का, या प्रश्नाच्या उत्तरात. आमच्या मते दोन्ही उत्तरे खरी आहेत. मात्र विद्यार्थ्याला पहिले उत्तर अधिक जवळचे वाटावे, कारण तो अजून ग्राहक झालेला नाही, जिज्ञासू आहे.

आता बंद आज्ञावलीच्या बाजूने काय सांगता येईल तेही निःपक्षपातीपणे पाहिले पाहिजे. ज्याने वर्षानुवर्षे खपून एखादी आज्ञावली रचली, त्याने तिचे मोल मागणे यात अधर्म नाही. लेखक आणि चित्रकारही तेच करतात. बंद आज्ञावली पुष्कळदा अधिक रेखीव व वापरण्यास सोपी असते. तिच्यामागे उत्तरदायी अशी एक संस्था उभी असते. मराठीचा आणि कोकणीचाही पेहराव विंडोज या बंद प्रणालीला मिळालेला आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. वास्तुरचना, चित्रपट, मुद्रण अशा कित्येक व्यवसायांत विशिष्ट बंद आज्ञावलीवाचून कामच मिळत नाही. यास्तव ‘बंद ते सारे त्याज्य’ असा कंठशोष करण्यात शहाणपण नाही.

तथापि, पैसे घेणे निराळे आणि किल्ली आपल्यापाशी ठेवणे निराळे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑरवेल यांच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडल यंत्रांतून दूरस्थ आज्ञेने परस्पर पुसून टाकल्या. विकणाऱ्यास त्यांचे हक्क नव्हते असे कारण होते. पैसे परत केले, मागाहून क्षमाही मागितली. परंतु दुकानदार रात्री आपल्या कपाटातून पुस्तक काढून नेऊ शकतो, ही गोष्ट त्या दिवशी लोकांना प्रथमच उमजली. त्या पुस्तकांपैकी एक सर्वसाक्षी सत्तेविषयीचे होते, हा केवळ योगायोग.

उलटपक्षी, मुक्त आज्ञावलीने पोट भरत नाही, ही समजूतही खरी ठरली नाही. रेड हॅट नावाची कंपनी लिनक्ससारख्या मुक्त आज्ञावलींची निगा, हमी आणि प्रशिक्षण यांचे मोल घेऊन मोठी झाली. आणि २०१९ साली सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून तिला कोणी विकत घेतले, तर १९६९ साली आज्ञावलीला वेगळी किंमत लावणाऱ्या आयबीएमनेच. पन्नास वर्षांत काळाचे चक्र असे फिरले. एके काळी लिनक्सचा उपहास करणाऱ्या मायक्रोसॉफ्टनेही २०१८ साली ‘गिटहब’ हे मुक्त आज्ञावलीकारांचे मोठे मीलनस्थान विकत घेतले. हे हृदयपरिवर्तन किती आणि व्यापाराची दूरदृष्टी किती, याचा विचार वाचकांनी आपापल्या मगदुराप्रमाणे करावा.

मुक्ततेचेही काही धोके आहेत आणि ते झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. गोव्यातील खाजन शेती तुम्हांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून पूर्वजांनी बांध घातले, पाणी आत-बाहेर सोडण्यास मानशी बसविल्या, आणि त्यांची राखण गावकीने सामाईकपणे केली. बांध सर्वांचा, म्हणून दुरुस्ती कोणाचीच नाही, अशी वृत्ती जेथे बळावली तेथे बांध फुटला आणि भात करपले. मुक्त आज्ञावलीचेही असेच आहे. महाजालावरील असंख्य संकेतस्थळांचे गुप्त व्यवहार ज्या ‘ओपनएसएसएल’ नामक मुक्त आज्ञावलीवर विसंबून होते, तिची देखभाल हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच माणसे करीत होती. एप्रिल २०१४ मध्ये तिच्यातील ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. तो दोन वर्षे तेथे होता. संहिता उघडी होती, पण वाचणारे पुरेसे नव्हते. ज्या बलाढ्य कंपन्या तिचा फुकट लाभ घेत होत्या, त्यांनी त्यानंतरच अशा कामांसाठी सामाईक निधी उभारला. उघडे असणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे. उघडे असणे म्हणजे तपासण्यास वाव असणे, एवढेच.

पण हा वाव किती मोलाचा असतो, याचेही उदाहरण आहे. ‘एक्सझेड’ ही लिनक्सवर माहितीचा संकोच करून ती साठविणारी एक लहानशी आज्ञावली आहे. कोणा अज्ञाताने टोपणनावाने सुमारे दोन वर्षे तिच्या कामात सहाय्य करून विश्वास संपादिला आणि २०२४ च्या आरंभी तिच्यात चोरवाट ठेवून दिली. ती जगभर पसरण्याच्या बेतात होती. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकाशी जोडणी करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे असे आढळले. दुसरा कोणी असता तर दुर्लक्ष करता. त्याने मात्र कारण शोधीत शोधीत मूळ गाठले आणि चोरवाट जगापुढे मांडली. त्याला तसे करता आले, कारण आत जाऊन पाहण्यास कोणाची परवानगी मागावी लागत नव्हती. गंमत अशी की तो मायक्रोसॉफ्टच्याच सेवेत होता.

आता हा विषय आपल्या भाषेपाशी आणून भिडवू. आमच्या शाळेच्या काही जुन्या वार्षिकांकांचा मजकूर संगणकावर सुरक्षित आहे, असे आम्ही समजत होतो. त्या धारिका उघडल्या तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, अंक आणि चिन्हे यांची खिचडी दिसली. याचे कारण असे की त्या काळच्या बहुतेक मराठी टंकांत, म्हणजे फॉन्टमध्ये, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. कोणत्या जागी कोणता आकार, हे प्रत्येक विक्रेता आपल्या मर्जीने ठरवी. ज्याचा टंक त्याच्यापाशीच मजकुराची किल्ली! विक्रेत्याने तो टंक टाकून दिला की मुलांच्या कविता आणि निबंध मुके झाले. त्याच अंकांच्या छापील प्रती वाळवीने कडेने खाल्ल्या आहेत, पण उरलेली पाने वाचता येतात.

यावरचा मार्ग उघड्या मानकाचा होता. युनिकोड या जागतिक संकेतमालेत १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला ठरलेला क्रमांक आहे. आणि तो कोणाच्या तिजोरीत नाही. मानकामागोमाग मुक्त टंक आले. रेड हॅटने २००४ साली ‘लोहित’ टंक मुक्त परवान्याखाली दिले. पुढे मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे सुबक टंकही तसेच खुले झाले. जुन्या टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरकेही कित्येक उत्साही लोकांनी पदरमोड करून रचली. मुक्त टंकाचे महत्त्व एका अक्षरात सांगता येईल. आपल्या मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाहून वेगळे आहेत. टंक बंद असेल तर ते वळण मिळावे म्हणून निर्मात्याला विनंती करावयाची आणि वाट पाहावयाची. टंक मुक्त असेल तर ज्याला ती कला अवगत आहे असा कोणीही ते वळण त्यात घालू शकतो. व्यापारी हिशेब पाहतो, आणि त्याने तो पाहावाच. परंतु ज्या भाषेचे बोलणारे थोडे, तिचा हिशेब नेहमीच तोट्याचा निघतो. कोकणीभाषकांना हे सांगावयास नको. म्हणूनच गोवा विद्यापीठाने २०१३ साली आपला कोकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली खुला केला, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. लहान भाषेची शिदोरी बांधून ठेवल्याने टिकत नाही.

शेवटी एका अप्रिय विषयास स्पर्श केल्यावाचून राहवत नाही. महाग बंद आज्ञावलीची चोरटी प्रत आणून संगणकात घालणे, हे आपल्याकडे चातुर्याचे लक्षण मानले जाते. ज्या मुलाची संगणकाशी पहिली ओळखच चोरीच्या वस्तूने होते, त्याला पुढे प्रामाणिकपणाचे धडे कोणत्या तोंडाने द्यावयाचे? शिवाय अशी चोरी बंद व्यवस्थेला मारक ठरत नाही, पोषकच ठरते. हाताला त्याच आज्ञावलीची सवय जडते आणि उद्याचा ग्राहक आयता तयार होतो. विकत घ्यावयाचे तर मोल देऊन घ्यावे; मोल परवडत नसेल तर मुक्त आज्ञावली घ्यावी. तिसऱ्या मार्गाची गरजच उरत नाही. केरळ राज्याने हे शाळांच्या पातळीवर करून दाखविले आहे. तेथे २००१ साली सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने पुढे मुक्त प्रणालीचा अंगीकार केला, आणि तेथील मुले मुक्त आज्ञावलींवर, मल्याळम भाषेतही, संगणक शिकतात.

तुम्ही काय करावे? लेखनासाठी लिब्रेऑफिस, चित्रांसाठी जिम्प किंवा इंकस्केप वापरून पाहा. एमआयटीमध्येच २००७ साली जन्मलेल्या ‘स्क्रॅच’वर दुसऱ्याने रचलेला खेळ केवळ खेळून थांबू नका, तो आतून कसा बांधला आहे ते उघडून पाहा आणि त्यात आपले काही घाला. मराठी भाषांतरातील एखादी चूक दिसली तर ती कळवा. कळविणे हीदेखील बांधावर टाकलेली एक पाटी माती आहे. मोठेपणी तुम्ही बंद आज्ञावली रचून धन मिळविले तरी आम्हांस आनंदच होईल. मात्र ज्या खुल्या संहिता वाचून तुम्ही शिकाल, त्यांचे ऋण स्मरून एखादा पाठ तरी मागून येणाऱ्यांसाठी उघडा ठेवा. पुडीने एकाचा रोग जातो. पाठाने दुसरा वैद्य तयार होतो.